कुलूप उघडण्याआधी परतीची वाट

गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. सकाळचा चहा घेऊन आम्ही वर्तमानपत्र उघडतो न उघडतो तोच शेजारच्या गल्लीतील एक ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. ह्या ताई नवीन पनवेलमध्ये तीन घरची कामे करतात. मालकांना जाऊन दोन वर्षे झाली. मागे त्यांचा आयटीआयला जाणारा मुलगा मान खाली घालून उभा. ताईंनी पदराखालून मोबाईल काढला आणि आमच्या पुढ्यात ठेवला.

"भाऊ, ह्याला तुम्हीच विचारा काय केलं ते. पंधरा दिवस झाले, नुसतं रूट केलं, रूट केलं म्हणतोय. ह्याच्या बापाचे फोटो गेले, पैशाचं ॲप गेलं, आणि आता तर फोनच चालू होईना."

मुलगा हळूच म्हणाला, "काका, आईचा फोन सारखा अडकायचा. म्हणून फास्ट करून देणार होतो..."

पुढे त्याला बोलवेना.

वाचक बंधु-भगिनींनो, आम्ही काही इंजिनिअर नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि कचेरीत फायली व पावत्या सांभाळण्यात उमर चालली आहे. परंतु वस्तीतील मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना, म्हाताऱ्या माणसांची रेशनची व पेन्शनची कामे करताना आम्हाला मोबाईलशी झटावे लागले, आणि झटता झटता थोडीफार माहिती झाली. आज आपल्या घराघरांत फोन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पगार त्यावर, बँकेचा ओटीपी त्यावर, मुलांचा निकाल त्यावर. पुष्कळ घरांत तर सगळ्यांना मिळून एकच फोन. म्हणून हे 'रूट' प्रकरण नेमके काय आहे, त्यात कमाई किती व घाटा किती, आणि एकदा केलेले पुन्हा पूर्ववत कसे करायचे, हे सर्वांना कळेल अशा भाषेत सांगावे असे ठरविले.

चाळीची किल्ली

आपल्याकडे बहुतेक फोन अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. ह्या प्रणालीचा पाया लिनक्स नावाचा आहे, आणि लिनक्सने आपली पद्धत घेतली ती युनिक्सकडून. युनिक्स ही संगणक-प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये जन्मास आली. त्या पद्धतीत संगणकाचा जो सर्वाधिकारी, त्याचे नाव 'रूट', म्हणजे मूळ.

हे समजण्यासाठी आपली चाळच डोळ्यांपुढे आणावी. फोनमधील प्रत्येक ॲप म्हणजे एक बिऱ्हाड. प्रत्येकाला स्वतःची खोली आणि स्वतःचे कुलूप. गाण्यांच्या ॲपने बँकेच्या ॲपच्या खोलीत डोकावायचे नाही, असा नियम. ह्या नियमामुळेच एखादे लबाड ॲप फोनमध्ये शिरले तरी त्याचा हात सगळीकडे पोचत नाही. रूट म्हणजे चाळीतील सगळ्या खोल्या उघडणारी एकच किल्ली. आपण फोन विकत घेतो तेव्हा ही किल्ली आपल्याला मिळत नाही. ती मिळविण्याच्या खटाटोपाला 'फोन रूट करणे' म्हणतात.

दारावर आणखी एक पहारेकरी असतो. फोन चालू करताच सर्वांत आधी जागा होणारा जो छोटा प्रोग्राम, त्याला बूटलोडर म्हणतात. पुढचे सॉफ्टवेअर कंपनीचेच आहे ना, त्यावर कंपनीची मोहोर आहे ना, हे तो तपासतो. रूट करण्यासाठी बहुधा आधी ह्या पहारेकऱ्याचे कुलूप उघडावे लागते. काही कंपन्या तशी परवानगी देतात, पण आधी अर्ज करून काही दिवस थांबायला लावतात. कित्येक कंपन्या तर हे कुलूप उघडूच देत नाहीत.

आता ताईंच्या घरी जे घडले त्याचे पहिले कारण ऐका. हे कुलूप उघडले की फोनमधील सगळा मजकूर पुसला जातो. फोटो, नंबर, संदेश, काही उरत नाही. ही चूक नव्हे, मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. फोन चोरीला गेला आणि चोराने कुलूप उघडले, तर धन्याचे खासगी कागद त्याच्या हाती पडू नयेत म्हणून. कुलूप उघडण्याआधी पडद्यावर तशी सूचना येते. ती इंग्रजीत होती. मुलाने ती वाचली नाही, बटण दाबले, आणि बापाचे सगळे फोटो दोन मिनिटांत गेले. हा फोन बापानेच पाच वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतला होता.

ही खटपट आजची नाही

पहिला अँड्रॉइड फोन २००८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत विक्रीस आला. एचटीसी कंपनीने तो बनविला होता. पुढच्याच महिन्यात लोकांच्या ध्यानात एक गंमत आली. फोनवर काहीही टंकले की ती अक्षरे पडद्यामागे सर्वाधिकाऱ्याच्या हुकुमाप्रमाणे चालत होती. कोणी मित्राला लिहिताना 'रीबूट' हा इंग्रजी शब्द टंकला तर फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा चालू होई! ह्याच फटीतून लोकांनी पहिल्यांदा रूटचा अधिकार मिळविला. गूगलने ती फट लगेच बुजविली. पण किल्ली मिळविण्याचा नाद जगभर लागला तो लागलाच.

आपल्याकडे ह्या नादाला एक साधे कारण होते, ते म्हणजे गरज. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने मायक्रोमॅक्स, कार्बन व स्पाइस ह्या भारतीय कंपन्यांबरोबर 'अँड्रॉइड वन' नावाचे स्वस्त फोन आणले. किंमत साडेसहा हजारांच्या आसपास, रॅम १ जीबी आणि साठवणीची जागा ४ जीबी. त्यातील बरीच जागा प्रणालीच खाऊन टाकी. दहा-बारा ॲप घातली की जागा संपली. अशा वेळी रूट करून ॲप मेमरी कार्डावर हलविणारी पोरे आमच्या पनवेलमध्येही होती. त्यांना कोणी शिकविले नव्हते. एकमेकांचे पाहून, चुकत-माकत ती शिकली. त्यांतली काही आज मोबाईल दुरुस्तीवर घर चालवितात.

पुढे साधनेही सुधारली. २०१६ पासून मॅजिस्क नावाचे साधन आले. जॉन वू ह्या तैवानी तरुणाने ते बनविले. ते फोनच्या मूळ प्रणालीला हात न लावता फक्त फोन सुरू करणाऱ्या भागात, म्हणजे बूट भागात, बदल करते. मूळ प्रणाली काढून लोकांनी मिळून बनविलेली नवी प्रणाली घालण्याचीही चाल आहे. सायनोजेनमॉड ही त्यांतील गाजलेली. ती २०१६ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्या जागी लिनिएजओएस आली. कंपनीने ज्या जुन्या फोनला वाऱ्यावर सोडले, अशा कित्येक फोनना ह्या लोकांनी नवे आयुष्य दिले. म्हणून रूट करणारा प्रत्येक मुलगा बिघडलेला, असे कृपा करून कोणी समजू नये.

किल्ली कोणाकडे असावी?

येथे एक रास्त प्रश्न उभा राहतो. पैसे आपण मोजले, हप्ते आपण फेडले, मग किल्ली कंपनीकडे का? नको असलेली ॲप कंपनीने आधीच भरून द्यायची आणि आपण ती काढायचीही नाहीत, हा कुठला न्याय? हा प्रश्न फक्त पोरांचा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या बाबतीत बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केला म्हणून गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन कंपन्यांनी गूगलची ॲप सक्तीने भरून देण्याचा मुद्दाही त्यात होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही आदेश रद्द केले, पण दंडाची रक्कम कायम ठेवली. म्हणजे तक्रारीत तथ्य आहे.

पण तक्रार रास्त असली म्हणून उपाय रास्त ठरतोच असे नाही. त्यासाठी आपल्याच राज्यातील एक उदाहरण पाहू.

२०२१ च्या ऑगस्ट महिन्यात महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. फोनची रॅम अवघी २ जीबी. त्यावर केंद्र सरकारचे पोषण ट्रॅकर हे ॲप चालवायचे. फोन तापत, अडकत, मध्येच बंद पडत. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी, आणि ॲपची भाषा इंग्रजी. मानधन तुटपुंजे, त्यात हा भुर्दंड. तेव्हा त्या माउल्यांनी ठिकठिकाणी एकत्र येऊन फोन कार्यालयात नेऊन दिले.

आता समजा, एखाद्या हुशार भाच्याने म्हटले असते, "मावशी, द्या इकडे, रूट करून फास्ट करतो," तर काय झाले असते? एक तर फोन सरकारी. दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूचे कुलूप उघडण्याचा अधिकार मावशीलाही नाही आणि भाच्यालाही नाही. दुसरे म्हणजे रूट केल्याने २ जीबीचे ४ जीबी होत नाहीत. नको ती ॲप काढून थोडी जागा मोकळी होते, पण यंत्राची ताकद वाढत नाही. आणि बिघडला असता तर भरपाई मावशीच्या मानधनातून! सेविकांनी जे केले तेच बरोबर होते. यंत्र अपुरे असेल तर ज्याने दिले त्याला जाब विचारायचा, आणि तोही एकट्याने नव्हे.

जमा आणि खर्च

आम्ही पडलो हिशेबाचे माणूस. तेव्हा रूटचा ताळेबंदही मांडून पाहू.

जमेच्या बाजूला काय? कंपनीने भरलेली नको ती ॲप मुळासकट काढता येतात. जाहिराती रोखता येतात. फोनची संपूर्ण नक्कल काढून ठेवता येते. जुन्या फोनवर नवी प्रणाली घालता येते. आणि यंत्राच्या पोटात काय चालते ते मुलाला कळते. ही शेवटची रक्कम लहान नाही.

आता खर्चाची बाजू. पहिली रक्कम पैशाची. बँकेची व पेमेंटची पुष्कळ ॲप रूट केलेल्या फोनवर चालत नाहीत. रूट केलेला फोन ओळखून त्यावर ॲप चालू न देण्याची तजवीज करता येईल का हे पाहावे, असे रिझर्व्ह बँकेनेच फेब्रुवारी २०२१ च्या डिजिटल पेमेंट सुरक्षेच्या निर्देशांत बँकांना सुचविले आहे. ह्यामागे कारण आहे. सगळ्या खोल्यांची किल्ली चुकून एखाद्या लबाड ॲपच्या हाती गेली तर बँकेची खोलीही उघडी पडते. ही तपासणी चुकविण्याच्या युक्त्या निघतात, काही दिवस चालतात आणि पुन्हा बंद पडतात. ज्या घरात महिन्याचा पगार फोनवर येतो त्या घराने असल्या युक्त्यांवर विसंबू नये.

दुसरी रक्कम हमीची. वॉरंटीतील फोनचे कुलूप उघडले तर कंपनी दुरुस्तीस नकार देऊ शकते. सॅमसंगच्या पुष्कळ फोनमध्ये तर एक सूक्ष्म फ्यूज असतो. परके सॉफ्टवेअर घातले की तो जळतो आणि मूळ सॉफ्टवेअर परत घातले तरी तो पूर्ववत होत नाही. त्या फोनमधील 'सिक्युअर फोल्डर' ही खासगी कप्प्याची सोय मग कायमची जाते. म्हणजे सगळेच परत मिळते असे नाही, हे आधी माहीत हवे.

तिसरी रक्कम सुरक्षिततेची. 'एका बटणात रूट' म्हणून फुकट वाटली जाणारी ॲप आपल्या फोनमध्ये आणखी काय घालतात हे आपल्याला दिसत नाही. अनोळखी माणसाच्या हाती चाळीची किल्ली देण्याचाच तो प्रकार.

ताळेबंद मांडला म्हणजे निर्णय आपोआप दिसतो. ज्या फोनवर घराचा पैसा आणि कागद आहेत तो रूट करू नये. ज्या फोनवर काहीच अडलेले नाही, त्यावर खुशाल शिकावे.

परतीची वाट

आता ज्याने आधीच रूट केले आहे त्याने काय करावे? पुष्कळांची समजूत असते की सेटिंगमध्ये जाऊन 'फॅक्टरी रिसेट' केले की फोन नव्यासारखा झाला. तसे नाही. रिसेटने फक्त आपला मजकूर पुसला जातो. प्रणालीत किंवा बूट भागात केलेला बदल तसाच राहतो. घर झाडले म्हणून बदललेले कुलूप पहिल्यासारखे होत नाही.

मॅजिस्कने रूट केले असेल आणि बाकी काही बदललेले नसेल तर सोपा मार्ग आहे. त्या ॲपमध्येच ते काढून टाकण्याची सोय आहे. आधी जपून ठेवलेला मूळ बूट भाग ते परत बसविते. एवढ्याने भागत असेल तर पुढच्या खटपटीत पडू नये.

तेवढ्याने भागले नाही तर कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर पूर्ण नव्याने घालावे लागते. पोरे त्याला 'स्टॉक रॉम फ्लॅश करणे' म्हणतात. ह्या कामात घाई हाच मोठा शत्रू. ताईंच्या मुलाने नेमके येथेच दुसऱ्यांदा पाऊल चुकविले. पैशाचे ॲप उघडेना म्हणून तो घाबरला. आईला कळायच्या आत फोन पूर्ववत करावा म्हणून मित्राच्या संगणकावर रात्रीत सॉफ्टवेअर उतरविले. ते त्याच नावाच्या फोनचे होते खरे, पण दुसऱ्या देशात विकल्या जाणाऱ्या आवृत्तीचे. वर, ज्या प्रोग्रामने ते घालायचे त्यात 'सगळे पुसा आणि कुलूप लावा' ह्या पर्यायावर आधीच खूण केलेली होती. ती त्याने पाहिली नाही. आत परक्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर आणि दारावर पुन्हा कडक पहारेकरी! पहारेकऱ्याने मोहोर तपासली, ती जुळेना, त्याने फोन चालूच होऊ दिला नाही. अशा फोनला पोरे 'ब्रिक झाला' म्हणतात. ब्रिक म्हणजे वीट. हातात पाच वर्षांच्या वापराची एक वीट!

आम्ही मुलाला म्हणालो, "हे बघ, तू फोन मारलेला नाहीस. पडद्यावर अक्षरे येतात ना? बटणे दाबून तो संगणकाशी बोलतो ना? मग अजून जीव आहे. आता वही घे."

त्या रविवारी दुपारी वहीत जे लिहिले, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून क्रमाने देतो.

१) फोनच्या खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहा. एकाच नावाखाली चार प्रकारचे फोन असतात. नावावर जाऊ नका, क्रमांकावर जा. भारतातील फोनला भारतातीलच आवृत्ती पाहा.

२) फोनमध्ये आधी जी आवृत्ती होती, तिच्यापेक्षा जुनी घालू नका. पुष्कळ फोनमध्ये मागे जाण्यास बंदी असते, आणि बळेच मागे नेले तर फोन कायमचा जाऊ शकतो.

३) सॉफ्टवेअर कंपनी स्वतः देत असेल तर तेथूनच घ्या. फाईल काही जीबींची असते. अर्धवट उतरलेली फाईल घालू नका. सोबत पडताळणीचा आकडा दिलेला असेल तर तो जुळवून पाहा.

४) बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली हवी आणि वायर चांगली हवी. मध्येच वीज जाईल म्हणून शक्य तर लॅपटॉपवर काम करा.

५) ज्या प्रोग्रामने सॉफ्टवेअर घालता त्यातील प्रत्येक पर्याय वाचा. सगळे पुसणारा किंवा कुलूप लावणारा पर्याय आपोआप निवडलेला असेल तर आधी तो बदला.

६) सॉफ्टवेअर घातल्यावर पहिल्यांदा फोन उघडायला बराच वेळ लागतो. पंधरा मिनिटे पडद्यावर नुसते कंपनीचे नाव दिसले तरी वायर ओढू नका.

७) फोन नीट चालू झाला, सिमला रेंज आली, सगळे जागेवर आहे अशी खात्री पटली की मगच, सर्वांत शेवटी, बूटलोडरचे कुलूप लावा. कुलूप लावतानाही मजकूर पुन्हा पुसला जातो, हे ध्यानात ठेवा.

ताईंच्या मुलाच्या नशिबाने त्याच्या कंपनीच्या पद्धतीत ज्या खात्यावरून पहिल्यांदा परवानगी घेतली होती, त्याच खात्यावरून कुलूप पुन्हा उघडता आले. आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याच्या घरी लॅपटॉप आणि वायफाय होते. संध्याकाळी आम्ही दोघे तेथे गेलो. फाईल उतरायलाच दोन तास लागले. पर्याय मुलानेच एकेक करून मोठ्याने वाचले, आणि आम्ही फक्त वहीतल्या क्रमावर बोट ठेवून बसलो. रात्री साडेनऊच्या सुमारास पडद्यावर 'नमस्कार' उमटले. मुलाचे डोळे भरून आले. आम्हीही खोटे कशाला बोलू, आमचाही घसा दाटला.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका

फ्लॅश करताना काही वेळा फोनचा आयएमईआय क्रमांक पुसला जातो. विशेषतः काही स्वस्त फोनमध्ये सगळे फॉरमॅट करण्याचा पर्याय निवडला तर हा धोका असतो. आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा १५ आकडी ओळख क्रमांक. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की तो दिसतो. तो गेला की फोनला रेंज मिळत नाही. अशा वेळी कोणी दुकानदार म्हणतो, "दुसरा नंबर टाकून देतो." त्याला स्पष्ट नकार द्या. आयएमईआय बदलण्यास २०१७ च्या नियमांनी बंदी घातली, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ह्या गुन्ह्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. चोरीचे फोन खपविण्यासाठी चोर हाच उद्योग करतात, म्हणून कायदा कडक आहे. आपल्या मुलाने अज्ञानाने केले तरी पोलिसांना ते अज्ञान दिसणार नाही. तेव्हा खोके व पावती जपून ठेवा आणि अशा दुरुस्तीसाठी कंपनीच्या अधिकृत केंद्राकडेच जा.

रूट न करता काय करता येईल?

फोन अडकतो ही तक्रार घरोघरी आहे. तिच्यावर साधे उपाय आधी करून पाहावेत. व्हॉट्सॲपवर येणारे 'सुप्रभात'चे फोटो आणि व्हिडिओ आपोआप साठत जातात आणि जागा खातात. ते पुसावेत आणि आपोआप साठविण्याची सोय बंद करावी. नको असलेली ॲप काढता येत नसतील तरी सेटिंगमध्ये जाऊन त्यांतली बरीचशी 'डिसेबल' म्हणजे निष्क्रिय करता येतात. संगणकाला जोडून, रूट न करताही काही ॲप आपल्यापुरती काढता येतात. चुकले तर फॅक्टरी रिसेटने बहुधा ती परत येतात. कंपनीने पाठविलेल्या अद्ययावत आवृत्त्या वेळेवर घ्याव्यात.

आणि रिसेट करण्याआधी एक काम अवश्य करा. फोनमध्ये जे गूगलचे खाते आहे त्याचा पासवर्ड आपल्याला माहीत आहे का, हे तपासा. पुष्कळ घरांत फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोराने खाते उघडून दिलेले असते, आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. रिसेट काही कारणाने बटणे दाबून बाहेरून झाला तर फोन तेच जुने खाते व पासवर्ड मागतो. तो नसेल तर चांगला फोनही कुलूपबंद होऊन बसतो. आजच संध्याकाळी घरी बसून तो पासवर्ड नवा करून घ्या आणि रेशनकार्डासोबत कागदावर लिहून ठेवा. हे काम घरातल्या लेकीला सांगा, ती दहा मिनिटांत करील.

ताईंच्या पैशाचे काय झाले, असे वाचक विचारतील. पैसे सुखरूप होते. ॲप बंद पडले तरी पैसे बँकेच्या खात्यात असतात, फोनमध्ये नसतात. कामाच्या घरांनी पाठविलेला पगार खात्यात जमा झालेला होता. पण ताईंना हे कोणी सांगितले नव्हते, आणि त्या काळजीत चार रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. फोन सुरू झाल्यावर त्याच सिमवरून ॲपची नव्याने नोंदणी केली आणि खाते दिसू लागले.

फोटोंची गोष्ट मात्र वेगळी. ते फोनमधून परत आले नाहीत. त्यांची नक्कल कोठेच नव्हती. मग ताईंनी माणगावच्या नणंदेला, ऐरोलीच्या भावाला, कामाला जाणाऱ्या मैत्रिणींना फोन लावले. पूर्वी कधी कोणाला पाठविलेले, कोणाच्या लग्नात कोणी काढलेले, असे एकेक करून चौदा फोटो जमले. त्यांतला एक आम्ही पनवेल स्टेशनजवळच्या स्टुडिओत मोठा करून आणला. आता तो भिंतीवर आहे. बाकीचे गेले ते गेलेच.

मुलाला ताईंनी काय शिक्षा करावी, असे त्यांनी आम्हाला विचारले. आम्ही म्हणालो, "ताई, ह्याला जी व्हायची ती शिक्षा झाली आहे. पण ह्याचा हात थांबवू नका. फक्त तुमच्या फोनवरून उचला." आमच्या कपाटात काच तडकलेला एक जुना फोन तीन वर्षे पडून होता. त्यातील सिम, कार्ड व खाते काढून तो आम्ही मुलाच्या हाती दिला. अट एकच घातली. काहीही उघडण्याआधी ते परत कसे बंद करायचे, हे वहीत लिहायचे. आणि ते लिहिता येत नसेल तर हात लावायचा नाही.

परवा तो वही दाखवायला आला होता. सतरा पाने भरली आहेत. जुना फोन त्याने एकदा रूट केला, दोनदा पूर्ववत केला, आणि तिसऱ्यांदा पुन्हा वीट करून बसला आहे. म्हणाला, "काका, ह्या वेळी कुठं चुकलो ते माहितेय. पान बारा."

पालकांनी घरातील फोनचे फोटो आणि नंबर ह्या आठवड्यात दुसरीकडे उतरवून ठेवावेत, एवढीच विनंती. ताईंच्या घरी ते राहून गेले होते.